पॅरिसमध्ये टॅक्सी: करावी का, कुठून करावी, किती मोजावे?

मुग्धा_सातारकर

नमस्कार मंडळी,

जूनमध्ये पॅरिसला जायचं नक्की झालंय. आम्ही दोघं, सासू-सासरे आणि तीन वर्षांचे चिरंजीव. मुंबईहून थेट शार्ल द गॉल विमानतळ. पोचायची वेळ संध्याकाळची, म्हणजे बाहेर पडेपर्यंत तिथली ऑफिसं सुटलेली असणार. हॉटेल पंधराव्या अराँदिस्माँत, म्हणजे शहराच्या पंधराव्या विभागात आहे (उच्चार चुकला असेल तर सांभाळून घ्या). सासूबाईंच्या एका गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, दुसरा रांगेत आहे. मोठ्या बॅगा चार, आणि सासूबाईंची खाऊची पिशवी, जी त्या कोणाच्याही हातात देत नाहीत.

घरात दोन पक्ष पडलेत. नवरा म्हणतो, युरोपात जाऊन टॅक्सी करणं म्हणजे पैसे उधळणं, सगळं जग ट्रेनने जातं. सासरे म्हणतात, ट्रेन नको आणि तिथली टॅक्सीही नको, परका माणूस दिसला की गंडवणारच, तेव्हा इथूनच गाडी ठरवून जाऊ. आमच्या ट्रॅव्हलवाल्याने त्या गाडीचे १२० युरो सांगितलेत.

तर, टॅक्सीचं भाडं ठरलेलं असतं म्हणतात ते खरं का? आपण पाच जण, एका गाडीत मावू का? लहान मुलाच्या सीटचं काय? आणि शहरात फिरायला टॅक्सी परवडते का? फ्रेंच म्हणाल तर ‘मर्सी’च्या पुढे आमची गाडी जात नाही.

निवांत_भटक्या

रुमाल टाकून ठेवतो. सप्टेंबरमध्ये आम्हीही.

सेनकाठी

मुग्धाताई, इथेच राहते, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

१२० युरो अजिबात देऊ नका. विमानतळ ते पॅरिस शहर हे भाडं सरकारने बांधून दिलेलं आहे, २०१६ च्या मार्चपासून. त्यासाठी शहराचे दोन भाग धरलेत, सेन नदीचा उजवा काठ आणि डावा काठ. शार्ल द गॉलहून उजव्या काठाला ५६ युरो, डाव्या काठाला ६५. ऑर्ली विमानतळाहून उलट, डावा काठ ३६, उजवा ४५. हे २०२५ चे आकडे. दर दरवर्षी नव्याने जाहीर होतात, निघण्यापूर्वी एकदा बघून घ्या. रात्र असो, रविवार असो, हमरस्त्यावर तासभर अडकलेले असा, बॅगा चार असोत नाहीतर सहा, आकडा तोच. जाताना आणि येताना दोन्हीकडून तोच.

काठ ओळखायची सोपी युक्ती: हॉटेलच्या पत्त्यातला पिनकोड बघा. ७५ ने सुरू होतो आणि शेवटचे दोन आकडे म्हणजे अराँदिस्माँ. ५, ६, ७, १३, १४, १५ हे डावे, बाकी सगळे उजवे. तुमचं पंधरावं, म्हणजे ६५ युरो.

एक लक्षात ठेवा. हे सगळं ‘पॅरिस शहर’ एवढ्यापुरतंच. ला देफाँसच्या काचेच्या इमारती किंवा डिस्नेलँड पॅरिसमध्ये मोडत नाहीत, तिथे मीटर पडतो.

विमानतळावर बाहेर आलात की ‘टॅक्सी’ अशा पाट्या दिसतात. त्यांच्या मागे जायचं, रांगेत उभं राहायचं. आत हॉलमध्ये कोणी “टॅक्सी, टॅक्सी?” करत आला तर त्याच्याकडे बघायचंसुद्धा नाही. खरा टॅक्सीवाला गाडी सोडून गिऱ्हाईक शोधत आत येत नाही. त्याला ती परवानगीच नाही.

आगाऊ_बोका

म्हणजे आपल्या विमानतळावरच्या प्रीपेड काउंटरसारखंच की! फक्त तिथे पावती फाडायला काउंटर नाही.

सेनकाठी

@आगाऊ_बोका, हो, आणि पैसे उतरल्यावर द्यायचे. कार्ड चालतं, प्रत्येक टॅक्सीत मशीन असणं बंधनकारक आहे. “मशीन बिघडलंय” हे वाक्य इथेही ऐकू येतं, म्हणून बसण्यापूर्वीच कार्ड दाखवून खूण करा.

कोथरूडकर_काका

६५ युरो म्हणजे सहा हजारांच्या वर. एवढ्यात पुण्याहून मुंबईला दोनदा गाडीने जाऊन येतो मी. आरईआर बी नावाची ट्रेन थेट विमानतळाच्या पोटातून निघते आणि अर्ध्या तासात गार द्यु नोर स्टेशनला आणून सोडते. आम्ही दोघं साठी उलटलेले, बॅगा ओढत गेलो. काही होत नाही. हल्लीच्या पिढीला चालायला नको.

मुग्धा_सातारकर

काका, चालायला मला हवंय हो, गुडघा सासूबाईंचा आहे.

दुधीभोपळा

कोथरूडकर काका, तुम्ही गेलात त्या साली तिकीट काय होतं? २०२५ मध्ये विमानतळाचं तिकीट माणशी १३ युरो होतं. चार मोठी माणसं म्हणजे ५२. तीन वर्षांचं पोर फुकट. टॅक्सी ६५. फरक १३ युरोंचा, पाच जणांमध्ये. एवढ्यासाठी चार बॅगा आणि एक गुडघा घेऊन गाडी बदलायची?

दोघंच असतील तर हिशोब उलटतो. २६ विरुद्ध ६५. तिथे काकांचं बरोबर.

कोथरूडकर_काका

१३ युरो? आम्ही गेलो तेव्हा दहाच्या आसपास होतं. असो, फुकट मूल धरून हिशोब केलात तर मानलं. तरीही दोघांनी टॅक्सी करणं हा माज आहे, हे माझं मत कायम.

सेनकाठी

हिशोबात एक गोष्ट राहिली. साधी टॅक्सी चार प्रवाशांची. मूल कडेवर असलं तरी ते एक डोकं मोजतात, त्यामुळे तुम्ही पाच. रांगेत उभ्या असलेल्या माणसाला हाताने पाच दाखवलंत की तो मोठी गाडी पुढे बोलावतो. थोडं थांबावं लागेल. पाचव्या प्रवाशाची थोडी जास्तीची रक्कम लागते, तेवढी कायदेशीर आहे. बॅगांसाठी मात्र वेगळे पैसे मागितले तर देऊ नका.

थांबायचं नसेल तर टॅक्सी कंपनीच्या ॲपवरून मोठी गाडी आधी सांगून ठेवता येते. इथली सगळ्यात मोठी जी-७, १९०५ पासूनची. त्यात मुलाची सीटही मागता येते. आगाऊ बुकिंगचे ७ युरो आणि ताबडतोब बोलावली तर ४ युरो वर पडतात. टॅक्सीला मुलाच्या सीटची कायद्याने सक्ती नाही, म्हणून रांगेतल्या गाडीत ती मिळेलच असं धरू नका.

चकली_नंबर_वन

सेनकाठीताई म्हणतात त्या “टॅक्सी, टॅक्सी” मंडळींचं कसब डोळ्यांनी पाहिलंय, म्हणून लिहिते. मैत्रिणीचं सामान यायचं होतं, ती आत, मी बाहेर हॉलमध्ये उभी. एक गृहस्थ, कडक इस्त्रीचा शर्ट, गळ्यात पट्टी आणि ओळखपत्र, हातात टॅबलेट. बघितलं तर विमानतळाचाच माणूस वाटावा. त्याने एका वयस्कर जोडप्याला गाठलं. पहिलं वाक्य “टॅक्सी हवी का” नाहीच. “बाहेरच्या रांगेत दीड तास लागेल, आज संप आहे.” मग टॅबलेटवर छापील दरपत्रक. मग स्वतःच बॅग हातात घेतली. बॅग त्याच्या हातात गेली की माणूस मागे चालायला लागतो, हे त्याला पक्कं ठाऊक. चालले ते थेट पार्किंगच्या लिफ्टकडे.

मी बाहेर जाऊन रांग पाहिली. सात-आठ माणसं होती. कसला संप न् कसलं काय.

तेव्हा मुग्धा, एकच नियम: बॅग हातातून सोडायची नाही.

मुग्धा_सातारकर

खाऊची पिशवी तरी सुरक्षित आहे मग.

घाटमाथा

२०१८ सालचं एक प्रकरण बरंच गाजलं होतं. थायलंडच्या एका जोडप्याला अशाच खोट्या टॅक्सीवाल्याने शार्ल द गॉलहून शहरात आणलं आणि २४७ युरो मागितले. पैसे दिल्याशिवाय दार उघडेना. त्या प्रवाशाने सगळं मोबाईलवर चित्रित केलं, ते पसरलं, आणि ड्रायव्हरला तुरुंगवास झाला. पण सगळ्यांनाच मोबाईल काढायचं सुचतं असं नाही.

खोटी गाडी ओळखायची कशी? पॅरिसच्या टॅक्सीला ठरावीक रंग नसतो ना? लंडनसारखं एका नजरेत कळत नाही.

सेनकाठी

रंग नाही, टप बघा. टपावर ‘टॅक्सी पारिझियाँ’ लिहिलेला दिवा. हिरवा म्हणजे रिकामी, लाल म्हणजे भरलेली. त्याखाली छोटे तीन दिवे असतात, अ, ब, क अशा तीन दरांचे. पांढरा पेटला तर सगळ्यात स्वस्त दर (कामाच्या दिवशी साधारण सकाळी १० ते संध्याकाळी ५), नारिंगी म्हणजे मधला, निळा सगळ्यात महाग. आत मीटर आणि गाडीवर परवाना क्रमांक. बसल्या बसल्या त्या क्रमांकाचा फोटो काढून ठेवावा. माझ्या मते ती सवयच लावून घ्यावी, भांडण होवो न होवो.

दुपारची_झोप

एवढी कटकट कशाला? ॲपवर गाडी मागवा, भाडं आधीच दिसतं, बोलायची गरज नाही, पैसे आपोआप कापले जातात. मी तर कुठल्याच शहरात टॅक्सीच्या रांगेत उभी राहत नाही.

दुधीभोपळा

@दुपारची_झोप, पॅरिसमध्ये एक मोठा फरक आहे. टॅक्सीला बसच्या राखीव पट्टीतून जाता येतं, ॲपवाल्या गाड्यांना (त्यांना तिथे व्हीटीसी म्हणतात) नाही. संध्याकाळी सहाला तुमची गाडी मुंगीच्या पावलाने सरकत असते आणि शेजारून टॅक्सी सुळकन निघून जाते. र्यू द रिव्होलीसारखा रस्ता २०२० पासून खासगी गाड्यांना बंद आहे, टॅक्सीला मोकळा.

आणि पावसात किंवा रात्री मेट्रो बंद व्हायच्या वेळेला ॲपचं भाडं बघा. टॅक्सीचा मीटर पाऊस बघून वाढत नाही.

दुपारची_झोप

मान्य, गर्दीच्या वेळेला. पण दुपारी दोन वाजता ॲप स्वस्तच पडतं, हे तुम्हीही मान्य करा. आणि पत्ता फ्रेंचमध्ये सांगायचा ताप नाही.

रिकामटेकडा_नव्हे

ॲपचा आमचा अनुभव लिहितो, कंपनीचं नाव नको. पहाटेचं विमान, गाडी आदल्या रात्री ठरवलेली. वेळेवर एकाने स्वीकारली, नकाशावर गाडी दोन गल्ल्या पलीकडे उभी, आणि दहा मिनिटं जागची हलेना. मग रद्द. दुसरा तसाच. हॉटेलच्या रात्रपाळीच्या मुलाने शेवटी फोनवरून टॅक्सी बोलावली, ती पाच मिनिटांत दारात. तेव्हापासून पहाटेच्या विमानाला टॅक्सीच. बाकी वेळी ॲपला माझा विरोध नाही.

आगाऊ_बोका

नकाशावर जागची न हलणारी गाडी! अहो, ही तर आंतरराष्ट्रीय संस्कृती निघाली.

इतिहासाची_वही

अवांतर होतंय, पण पॅरिसच्या टॅक्सीचा धागा निघालाय आणि मार्नच्या टॅक्सींचं नाव नाही, असं कसं चालेल?

सप्टेंबर १९१४. जर्मन फौजा पॅरिसच्या जवळ येऊन ठेपलेल्या. सैनिक आघाडीवर पोचवायला वाहनं अपुरी. शहराचा लष्करी गव्हर्नर जनरल गॅलिएनी याने रस्त्यावरच्या टॅक्सीच ताब्यात घेतल्या. साधारण सहाशे, बहुतेक रेनोच्या छोट्या लाल गाड्या. एकेका गाडीत चार-पाच सैनिक कोंबून रात्रीतून मार्न नदीकडे रवाना. लढाईचा निकाल काही या टॅक्सींनी लावला नाही, सैन्याचा मोठा भाग रेल्वेने आणि पायीच गेला. पण लोकांच्या मनात घर केलं ते टॅक्सींनी.

आणि खरी गंमत पुढेच आहे. ड्रायव्हरांनी मीटर चालू ठेवले होते! नंतर सरकारने त्या मीटरच्या हिशोबाने (ठरावीक टक्केवारीने) पैसे चुकते केले, सगळे मिळून सत्तर हजार फ्रँकच्या घरात. त्यातली एक टॅक्सी अँव्हालीदच्या लष्करी संग्रहालयात ठेवलेली आहे. मुग्धाताई, तुमच्या पंधराव्यापासून ते जवळच आहे. नेपोलियनची कबर बघायला जालच, तेव्हा तीही बघा.

कोथरूडकर_काका

युद्धातसुद्धा मीटर! आणि तुम्ही लोक त्यांना ६५ युरो आनंदाने देताय.

चकली_नंबर_वन

काका, राष्ट्र वाचवायचा दर वेगळा, गुडघे वाचवायचा वेगळा.

घाटमाथा

@इतिहासाची_वही, उत्तम माहिती. त्यात थोडी भर: रशियन क्रांतीनंतर जे लोक पळून पॅरिसला आले, त्यातले हजारो १९२० च्या दशकात टॅक्सी चालवायचे. झारच्या फौजेतले अधिकारीही त्यात होते. मागे बसलेला माणूस कोण आणि पुढे बसलेला कोण, हे विचारायची सोय नव्हती.

आज तिथे गाडीत बसलात तर चालक कंबोडियातून आलेला असेल, अल्जीरिया-मोरोक्कोतला असेल, हैतीचाही असेल. गप्पा मारायला माणसं चांगली असतात, फक्त सुरुवात नीट हवी.

सेनकाठी

घाटमाथा, सुरुवातीचं बोललात ते बरं केलंत, मी विसरत होते. दार उघडल्यावर आधी ‘बाँजूर’. मग पत्ता. संध्याकाळ असेल तर ‘बाँस्वार’. आपण सरळ पत्ता सांगत सुटतो, त्यात आपल्याला काही गैर वाटत नाही, पण इथे तो उद्धटपणा समजतात. अर्धे “पॅरिसचे लोक फटकळ” हे अनुभव त्या न म्हटलेल्या बाँजूरमुळे आलेले असतात. सासूबाईंनी नुसतं ‘बाँजूर’ म्हटलं ना, तरी ड्रायव्हर खाली उतरून दार धरेल.

पत्ता तोंडाने सांगण्यापेक्षा मोबाईलवर मोठ्या अक्षरात लिहून दाखवा. एकाच नावाचे रस्ते आजूबाजूच्या गावांतही असतात, म्हणून पिनकोड लिहायचाच.

निवांत_भटक्या

टीप द्यावी लागते का? अमेरिकेत राहून सवयी बिघडल्यात.

सेनकाठी

सक्ती नाही. वरची चिल्लर सोडतात. बॅगा उचलून आत आणून दिल्या तर दोन-चार युरो द्यावेत.

दुधीभोपळा

आमच्या घरात बांधलेल्या भाड्यावर टीप द्यायची नाही असा ठराव आहे.

दुपारची_झोप

पाठदुखीचं औषध त्याला कोण देणार मग, चार बॅगा उचलल्यावर?

दुधीभोपळा

बॅगा मी उचलतो. म्हणूनच तर ठराव आहे.

मनमाड_जंक्शन

मुग्धाताईंचा शेवटचा प्रश्न कोणी घेतलाच नाही, शहरात फिरायला टॅक्सी परवडते का. माझं उत्तर: जवळच्या अंतराला करून बघायला हरकत नाही. मीटर काहीही दाखवो, किमान ८ युरो द्यावेच लागतात. पाच जण असाल तर मेट्रोचं तिकीट माणशी अडीच युरो (२०२५ चा दर), म्हणजे चार तिकिटांचे १०. दोन-तीन किलोमीटरला टॅक्सी आणि मेट्रो जवळपास सारखीच पडते. लांबच्या अंतराला नाही.

पण खरी अडचण पैशांची नाही, जिन्यांची आहे. पॅरिसची मेट्रो जुनी. पूर्णपणे लिफ्टवाली लाईन एकच, १४ नंबर. बाकी ठिकाणी गाडी बदलताना लांबच लांब बोगदे आणि मध्येच पंधरा-वीस पायऱ्या. वर चढलात की पुन्हा खाली उतरा. नकाशावर दोन लाईनी एकाच ठिपक्यावर दिसतात, प्रत्यक्षात मध्ये अख्खा बाजार भरेल एवढं अंतर.

गुडघ्याला बस सोयीची. खाली झुकते, चढायला सोपी, आणि शहर दिसतं. ६९ नंबर आयफेल टॉवरजवळच्या शाँ द मार्सपासून निघते, लूव्हर, बास्तीय करत पार पूर्वेला जाते. सासू-सासऱ्यांना घेऊन एकदा नुसतं बसून जा-ये करा, टूर बसचे पैसे वाचतील. बसचं तिकीट मेट्रोपेक्षा स्वस्त, २ युरो (२०२५ चा दर).

व्हर्सायला टॅक्सीने जाऊ नका. तुमच्या भागातूनच आरईआर सी जाते, थेट राजवाड्याजवळच्या स्टेशनला. फक्त उन्हाळ्यात त्या लाईनवर दुरुस्तीची कामं निघतात, आदल्या दिवशी बघून घ्या.

कोथरूडकर_काका

अखेर एक शहाणा माणूस बसचं बोलला.

नाशकातली_मिरची

@निवांत_भटक्या, तुम्ही सप्टेंबर म्हणालात म्हणून. ऑगस्टच्या शेवटी किंवा सप्टेंबरच्या सुरुवातीला एका रविवारी ला शापेल भागात गणपतीची मिरवणूक निघते. र्यू पाजोलवर तमिळ मंडळींचं माणिक विनायकाचं देऊळ आहे, तिथून. मोठा रथ, दोर ओढायला शेकडो माणसं, आणि रस्त्यावर नारळांचे ढीगच्या ढीग. रथ पुढे सरकला की ते फोडतात, पाण्याने सगळा डांबरी रस्ता निसरडा. फ्रेंच बायका मुलांना घेऊन खोबऱ्याचे तुकडे प्रसाद म्हणून खात उभ्या असतात. आरती आपली नसते, पण बाप्पा आपलाच.

टॅक्सीशी संबंध असा की त्या दिवशी आसपासचे रस्ते बंद असतात. आमच्या टॅक्सीवाल्याने आधीच हात वर केले आणि बुलेव्हार द ला शापेलला उतरवलं. मागून ढोलाचा आवाज आल्यावर त्यानेच विचारलं, हा कोणता देव? नवऱ्याने ‘हत्तीचं डोकं’ असं हातवारे करून सांगितलं, तेव्हा तो म्हणाला, “हां, दर वर्षी माझा रस्ता अडवतो तो!”

आगाऊ_बोका

विघ्नहर्ता तिथे विघ्नकर्ता झाला म्हणायचा.

निवांत_भटक्या

वा मिरचीताई! तारखा बघतोच आता. रुमाल टाकल्याचं सार्थक झालं.

घाटमाथा

एक सावधगिरी. संपाची थाप मारणारे असतात हे खरं, पण तिथे खरे संपही होतात. २०१५ च्या जूनमध्ये ॲपच्या विरोधात टॅक्सीवाल्यांनी रस्ते अडवले होते, टायर जाळले होते. २०२५ च्या मे महिन्यात रुग्णांना ने-आण करण्याच्या नव्या सरकारी दरांवरून पुन्हा आंदोलन, विमानतळाच्या वाटाही अडल्या. संप आहे की नाही ते हॉलमधल्या इस्त्रीच्या शर्टाला न विचारता निघण्यापूर्वी बातम्यांत बघा. असलाच तर ट्रेन आहेच, कोथरूडकर काका झिंदाबाद.

मुग्धा_सातारकर

मंडळी, परत आलो. वृत्तांत वेगळा लिहीन, इथे टॅक्सीपुरतं.

विमानतळावर पाट्यांच्या मागे गेलो. हॉलमध्ये दोघं जण आले, सासऱ्यांनी दोघांनाही मराठीत “नको, नको” सांगून वाटेला लावलं. रांगेत पाच बोटं दाखवली. थोडा वेळ थांबल्यावर सरकत्या दाराची मोठी गाडी आली. सासूबाईंनी घोकून ठेवलेलं ‘बाँस्वार’ टाकलं. ड्रायव्हरने खरंच खाली उतरून त्यांचा हात धरला आणि पायरी चढवली. पेरिफेरिकवर (शहराभोवतीचा हमरस्ता) गाड्या ठासून भरलेल्या, तासावर वेळ गेला, पण आकडा ठरलेला असल्यामुळे नवरा मीटरकडे न बघता खिडकीबाहेर बघत होता, हेच मला नवल. ६५ आणि पाचव्याचे थोडे, कार्डाने दिले, पावती घेतली.

शहरात बस आणि पाय. ६९ नंबरने दोनदा गेलो. मेट्रोची सहा नंबरची लाईन पुलावरून जाते आणि आयफेल टॉवर समोर येतो, तेवढ्यासाठी जिने चढलो. माँमार्त्रच्या टेकडीला मात्र टॅक्सीच, थेट वरपर्यंत. मार्नची टॅक्सीही बघितली. सासरे तिच्यापाशी इतका वेळ उभे, की रखवालदार दोनदा येऊन गेला.

एकच गोष्ट बिनसली. परतीच्या दिवशी सासूबाईंची शाल टॅक्सीत राहिली. आता काय करता येईल?

सेनकाठी

पावती ठेवलीत ना? त्यावर गाडीचा क्रमांक, वेळ सगळं असतं. २५ युरोंच्या वरच्या भाड्याला पावती देणं सक्तीचं आहे ते याचसाठी. कंपनीची गाडी असेल तर आधी त्यांना फोन. नाहीतर टॅक्सीत सापडलेल्या वस्तू पोलीस प्रेफेक्त्युरच्या (शहराचं पोलीस मुख्यालय) हरवले-सापडले विभागात जमा होतात. १८०५ पासूनची व्यवस्था आहे ती. पॅरिसमध्ये र्यू दे मोरियाँ म्हटलं की हेच ऑफिस, आणि तेही तुमच्याच पंधराव्यात. अर्ज ऑनलाइन करता येतो. वस्तूचं वर्णन बारकाईने लिहा, रंग, काठ, नक्षी.

भाड्याची तक्रार असेल तर तीही प्रेफेक्त्युरकडेच, पावतीचा फोटो जोडून.

मुग्धा_सातारकर

अर्ज टाकला. वर्णनात ‘नारळी काठ’ फ्रेंचमध्ये कसं लिहायचं यावर घरात चर्चा चालू आहे, शेवटी फोटोच जोडला.

खान्देशी_ठेचा

धागा आत्ताच वाचला. आम्ही लंडनहून युरोस्टारने गार द्यु नोरला उतरणार आहोत, दोघंच, हॉटेल गार द लियाँच्या बाजूला. तिथूनही भाडं बांधलेलं असतं का?

सेनकाठी

नाही, बांधलेलं भाडं फक्त विमानतळांचं. स्टेशनाहून मीटर. गार द्यु नोरच्या फलाटाबाहेरही “टॅक्सी, टॅक्सी” मंडळी उभी असतात, तीच काळजी घ्या, पाटी बघून अधिकृत रांगेतच जा. पण तुम्हाला टॅक्सी लागणारच नाही. आरईआर डी तिथूनच निघते, दोन थांब्यांवर गार द लियाँ.

कोथरूडकर_काका

ऐका ताईंचं. ट्रेनने जा.